बाबांची चिंधी, माझा पट्टा

पाडव्याचा आदला दिवस,
घरच्या ओटीवरून

तीर्थस्वरूप रावजीदादास,

धाकट्या बाळाचा नमस्कार. एरवी साष्टांग लिहितो, पण डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे आणि आठांतलं एक अंग नुकतंच शिवून आणलंय, तेव्हा या खेपेला सातांवर भागवून घे. वहिनींना नमस्कार, त्यांचे गुडघे कसे आहेत? ऋत्विकची दहावी संपली असेल. (पेपर कसे गेले ते मी विचारत नाही. आपल्या घरात पेपर कसे गेले हे निकालाच्या दिवशीच कळतं.) तुझी प्रकृती कशी आहे? हे वाक्य आपण दोघं एकमेकांना प्रत्येक पत्रात लिहीत आलो आणि उत्तराची वाट कधी पाहिली नाही. या वेळी मी पाहणार आहे.

तुला वाटेल, घरात दोन दोन मोबाइल असताना हा माणूस पोस्टाच्या पाकिटाच्या मागे का लागलाय. कारण तू फोन उचललास की आधी स्पीकर लावतोस. मग वहिनी, सूनबाई, ऋत्विक आणि बहुतेक वेळा तुमच्या चाळीतले शेजारीही माझी खुशाली ऐकतात. आजचा विषय भांडुपमध्ये मोठ्याने वाजवण्यासारखा नाही. मला हर्निया झाला होता. जांघेत, उजव्या बाजूला. आता पुढचं वाचायला गॅलरीत जाऊन बस.

आई ठीक आहे. शहाऐंशीची झाली, पण सकाळी परसात जाऊन कोंबड्यांना शिव्या देते, म्हणजे छातीत दम आहे. शिमग्याचं तिचं मात्र तसंच. पालखी दारात आली की सगळा गाव अंगणात आणि आई मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून. बेचाळीस वर्षं झाली. ज्या बाईने रात्रीची कुयरीची भाजी सकाळी नवऱ्याला वाढली आणि तिसऱ्या दिवशी त्याला मसणात पोचवला, तिने देवीसमोर कोणत्या तोंडाने यायचं, असं तिचं म्हणणं. (कुयरी म्हणजे काय ते ऋत्विकला विचारलंस तर तो कैरी सांगेल. कोवळा फणस म्हणून समजाव.) परसातल्या फणसाला यंदाही बुंध्यापासून लागलंय आणि यंदाही त्यातलं एक आपल्या चुलीवर चढलेलं नाही, सगळं शेजारी वाटलं. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण माझ्या जांघेची गोष्ट शेवटी त्या भाजीपाशी जाते. आणि मला तुझ्याकडे एक मागायचं आहे. ते शेवटी मागेन. आत्ता मागितलं तर तू पत्राची घडी करून खिशात ठेवशील.

तर सहा वर्षांपूर्वी पालीला एका बंगल्याचं कंपाउंड बांधत होतो. जांभ्याचा चिरा उचलणं हा माझा जन्माचा धंदा, एवढे चिरे उचललेत की सगळे एकावर एक ठेवले तर तुमची चाळ झाकेल. त्या दिवशी चौथ्या थरावर चिरा चढवताना जांघेत काहीतरी सरकलं. दुखलं नाही. घरी आंघोळीच्या वेळी पाहिलं तर सुपारीएवढा फुगवटा. आडवा झालो, गेला. उभा राहिलो, आला. खोकलो तर आणखी पुढे आला. मी म्हटलं, दुखत नाही म्हणजे रोग नाही. (आपल्या गावात जे दुखत नाही त्याला कुणी विचारत नाही आणि जे दुखतं तो वायगोळा असतो.) दुसऱ्या वर्षी त्याचं लिंबू झालं. चौथ्या वर्षी रायवळ आंबा. संध्याकाळी जांघ ओढल्यासारखी व्हायची, जड वाटायचं, रात्री निजलं की सगळं शांत. रोज सकाळी तो गायब असल्यामुळे रोज सकाळी मी बरा झालेला असायचो, आणि बऱ्या झालेल्या माणसाने डॉक्टरकडे का जायचं.

कामावर दुपारी तो आत ढकलायला सिमेंटच्या गोणींमागे पाय वर करून पडायचो. गड्यांनी समजूत करून घेतली की बाळाशेठ योगासनं करतात, आणि दोघांनी माझं पाहून सुरूही केली. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की हात आपोआप लेंग्याच्या खिशात जायचा आणि आतून दाबून धरायचा. बघणाऱ्याला वाटावं, किल्ली शोधतोय. मग कुणीतरी सांगितलं की याला पट्टा मिळतो. रत्नागिरीला गेलो, सर्जिकलच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत काठ्या आणि कुबड्या बघत उभा राहिलो आणि मग म्हटलं, मित्रासाठी हवाय. दुकानदाराने विचारलं, मित्राची कुठली बाजू? मी म्हटलं, उजवी. माप? मी म्हटलं, मित्र माझ्याच अंगाचा आहे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पट्टा कागदात गुंडाळला आणि म्हणाला, मित्राला सांगा, याने बरं होत नाही, डॉक्टरला दाखवायला लागतं. मी मित्राला सांगितलं नाही. पट्टा सखू धुवायची आणि टॉवेलाखाली झाकून वाळत घालायची. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर नवराबायको एकमेकांचं धुणं ओळखतात, त्यावर बोलत नाहीत.

आता शिमगा. तू कळवलंस की तिकीट कन्फर्म झालं नाही. (तू तिकिटाची खिडकी उघडायच्या मिनिटाला रांगेत पहिला असणारा माणूस. तो विषय मागाहून घेऊ.) सहाणेच्या चौथऱ्यावरून देवीची पालखी उठताना पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा. मोठा नसेल तर धाकट्याने द्यायचा. बाप जिवंत असताना पोराने त्या दांड्याला हात लावायचा नाही, म्हणजे आमचा निलेश रेड्यासारखा धडधाकट असून बाजूला उभा. आणि आपल्या घरचा कुणीच नसेल तर खांदा चुलत्यांच्या धोंडूकडे जायचा. धोंडू गेली चाळीस वर्षं त्या दांड्याकडे कसा बघतो ते तू पाहिलं आहेस. मान एकदा गेला की परत मिळत नाही, तो कोर्टातून आणावा लागतो आणि तोवर दोन पिढ्या जातात. म्हणून मी सकाळी पट्टा दोन भोकं आवळून बांधला, वरून बाबांसारखा लंगोट, वरून लेंगा, आणि गेलो.

पहिले दोन फेरे बरे गेले. तिसऱ्या फेऱ्याला ढोल चढला, पालखी खाली बसवून नाचवायची वेळ आली, आणि बसून उठताना पट्ट्याच्या खालच्या बाजूने रायवळ बाहेर आला. नेहमीसारखा दाबायला हात खिशाकडे नेला तर खांद्यावर देवी. तशीच एक गिरकी घेतली. नंतर दाबला तर तो आत जाईना. दगडासारखा घट्ट झाला आणि पोटात अशी कळ आली की मला माझं नाव आठवेना. धोंडूने दांडा धरला म्हणून पालखी भुईला टेकली नाही, एवढं खरं त्याचं. मी मात्र दोन्ही हातांनी पोट धरून वाकलो, घामाने भिजलो, थरथरायला लागलो, तोंडातून आवाज येत होते.

आणि गावाने ओळखलं की बाळाच्या अंगात वारं आलं.

दादा, मी मरत होतो आणि लोक माझ्यापुढे हात जोडून बसले. गुरवाने कपाळाला अंगारा फासला आणि विचारलं, कोण आहेस, कशासाठी आलास. मी म्हटलं, मेलो. गुरवाने त्याचा अर्थ लावला की कुणा मेलेल्याचं काहीतरी राहिलं आहे, त्याची शांत करायला पाहिजे, आणि भावकीत लगेच कुणाचं राहिलं यावर बोलणं सुरू झालं. धोंडूने दांडा दुसऱ्याकडे देऊन माझे पाय धरले आणि त्याच्या बोअरला पाणी कधी लागेल ते विचारलं. मी म्हटलं, आई गं. तो म्हणाला, आईच आहे, आईच आहे. मग मी ओकलो. गुरव म्हणाला, बाधा बाहेर पडतेय, ढोल वाढवा. वाढवला. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, निलेश म्हणतो पाऊण तास. त्यालाही वाटलं होतं की वारंच आहे. त्याचा मोबाइल चालू होता, पाऊण तासाचं शूटिंग आहे, तुला हवं तर पाठवतो.

सखू गर्दीतून पुढे आली आणि तिने ढोलवाल्याच्या हातातली काठी धरली. बायका सहाणेवर चढत नाहीत आणि ढोलाला हात लावत नाहीत, त्यामुळे सगळं एकदम थांबलं. त्या शांततेत ती म्हणाली, "वारा नाय ता. आतडा उतरलाय त्यांचा. सहा वर्सा पट्टा धुत्ये मी." सहा वर्षं जपलेली गोष्ट, दादा. पत्रिका छापल्या असत्या तरी एवढी माणसं ऐकायला जमली नसती. पण मला तेव्हा लाज वाटली नाही. मला फक्त एवढं कळलं की कुणीतरी खरं बोललं.

निलेशने गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. हातखंब्याच्या तिठ्यावर आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो अडकलेले, तिथे वीस मिनिटं. रत्नागिरीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याशी माझी आता स्वतंत्र ओळख आहे. दवाखान्यात डॉक्टर मनस्वी नावाची बाई, आमच्या लेकीच्या, दिशाच्या वयाची. म्हणाली, लेंगा सोडा. मी म्हटलं, पुरुष डॉक्टर बोलवा. ती म्हणाली, आहेत, ते लग्नाला चिपळूणला गेलेत, उद्या येतील, तोवर तुमचं आतडं थांबतं का विचारून बघा. मी लेंगा सोडला. तिने हात लावला, विचारलं, शेवटचा वारा कधी सरला, उलटी कितीदा झाली, गाठ किती वाजल्यापासून आत जात नाही. मग नर्सला म्हणाली, थिएटर तयार करा. चारला आत नेलं, साडेसहाला बाहेर आणलं. आतडं जांभळं पडलं होतं. कोमट पाण्याच्या फडक्यात ठेवून तिने रंग परतायची वाट पाहिली. परतला. नसता परतला तर वीतभर कापून जोडायला लागलं असतं. आणखी उशीर झाला असता तर जोडायलाही काही उरलं नसतं, असं तिने साध्या आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती समजवायला बसली. पोटाच्या आत एक भिंत असते, ती कुठे कुठे जन्मतःच कच्ची असते. जड उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करायला लागणं, यांनी आतून दाब येतो आणि कच्च्या जागेतून आतडं पुढे येतं. मी म्हटलं, म्हणजे गडग्याने पोट काढलं. तिला गडगा कळेना. मी सांगितलं, आत भराव नीट नसला की पावसाळ्यात चिऱ्यांची भिंत मधेच पुढे येते, बाहेरून कितीही लिंपा, फुगलेली भिंत फुगलेलीच. ती म्हणाली, अगदी तेच, तुमचा पट्टा म्हणजे ते लिंपण. आणि तिने आत जाळी बसवली आहे. प्लास्टरच्या आधी आम्ही सांध्यावर कोंबडीजाळी मारतो तशीच. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती बांधल्या आणि माझी बांधायला चिपळूणच्या लग्नाला न गेलेली एक पोर लागली.

हर्नियाचीही भावकी आहे, हे मला वॉर्डात कळलं. माझा जांघेतला, तो पुरुषांत थोरल्या घरचा, सगळ्यात जास्त त्याचेच. समोरच्या खाटेवर लोट्याच्या एमआयडीसीतला, केमिकल कंपनीतला शिफ्टवाला, त्याचा बेंबीचा. त्याच्या आईने लहानपणी बेंबीवर नाणं बांधलं होतं. (डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक पोरांचा तो आपोआप जातो, श्रेय नाण्याला मिळतं. याचा गेला नाही, तरी नाण्यावरचा विश्वास आहे.) पलीकडे बायकांच्या वॉर्डात पालीची सोनूबाई, तिचा जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून आलेला, दहा वर्षं ती त्याला चरबी म्हणत होती. एक मांडीच्या मुळाशी होतो, बायकांत जास्त, दिसतो बोराएवढा आणि अडकतो सगळ्यांत लवकर, कारण वाट अरुंद, आणि बायका तो दाखवत नाहीत. एक तर वरच्या मजल्यावर राहतो, पोट छातीकडे सरकतं, बाहेर काही दिसत नाही, नुसती आंबट ढेकर आणि जळजळ. पण सगळ्यांची रीत एक. आत जातोय तोवर वेळ आहे, आणि दुखायला लागून आत जाईना, उलट्या, पोट फुगलं, वारा-शौच बंद, की मग तास मोजायचे. हे मी तुला मुद्दाम तपशिलात लिहितोय.

मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला होता? मी म्हटलं, नाही. वडील कशाने गेले? मी म्हटलं, शिळी भाजी बाधली. वय? सत्तेचाळीस. ती फॉर्म भरत होती, तिने पेन थांबवलं. विचारलं, काय काय झालं ते सांगा. मी सांगितलं. शिमग्यात पालखी नाचवून आले, पोट धरून बसले. आधी वारं समजले. मग ओवा, मग गरम विटेचा शेक, मग देवीला कौल लावला. पहिल्या दिवशी ओकारीत जेवण, दुसऱ्या दिवशी हिरवं पाणी, तिसऱ्या दिवशी त्याला शेणाचा वास येत होता. पोट ढोलासारखं. वारा सरला नाही. तिने विचारलं, जांघेत गाठ होती? मी नाही म्हणणार होतो आणि मला दोरी आठवली. आपल्या मागच्या दोरीवर बाबांचा लंगोट वाळायचा, त्याला आतून चिंध्यांची गुंडाळी शिवलेली असायची, मुठीएवढी. आपण आईला विचारलं होतं तर ती म्हणाली होती, कमरेला आधार. तू त्यावरून बाबांची नक्कल करायचास.

डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, मी तेव्हा पाहिलेलं नाही, म्हणून शपथेवर सांगणार नाही, पण भाजीने माणूस असा जात नाही, तुम्हाला जे झालं तेच त्यांना झालं असणार. पहिल्याच दिवशी रत्नागिरीला आणलं असतं तर, एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी छताकडे बघत पडलो. मला बाबांचं वाईट वाटलं असं तुला वाटेल, आणि वाटलंच, पण त्याआधी आई आठवली, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

दादा, भाजीचं नाव कुणी घेतलं होतं ते मला आठवतं आणि तुलाही. तिसऱ्या दिवशी भावकी ओटीवर बसली होती, काकांनी विचारलं, काय खाल्लं होतं त्याने? आणि तू म्हणालास, आईने रात्रीची कुयरी वाढली होती. तू तेव्हा चोवीस वर्षांचा, मुंबईला नोकरी, मनगटात घड्याळ, तुझा शब्द सगळ्यांनी उचलला. तू खोटं बोलला नाहीस. वाढली होतीच. पण ती आपण दोघांनीही खाल्ली होती. तू दोनदा घेतलीस, आईने कढईतली खरवड तुला दिली. आपल्याला काही झालं नाही, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पुढे बेचाळीस वर्षं कुणी लक्षात आणून दिलं नाही. मी तुला दोष देत नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, मीही ती भाजी खाल्ली होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि मी ओटीच्या कोपऱ्यात बसून ऐकत राहिलो. त्याची मला लाज वाटते. सहाणेवर लेंग्याखालचं सगळ्यांना कळलं त्यापेक्षा जास्त वाटते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आईला सांगितलं. ती कुळीथ निवडत होती. सगळं सांगितलं, गडगा, जाळी, बाबांची गाठ, भाजीचा काही दोष नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तू धाकटा. तुला काय म्हाईत. रावजीनं सांगितलान ता खरा." मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी सांगितलंय, बाबांच्या त्या चिंधीखाली हीच गाठ होती. तिचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, "चिंधी मीच शिवून दियाची. म्हंजे भाजी नाय तर चिंधी. ता बी माजाच." असं झालं बघ. भाजीतून सोडवायला गेलो आणि चिंधीत अडकवून आलो. माझ्यासारख्या गवंड्याने दुसऱ्याच्या भिंतीला हात लावताना आधी विचार करावा. मी विचारलं, गाठ आहे हे तुला ठाऊक होतं तर तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मी पडवीत होते. मला कुनी इचारलानच नाय." आणि परत खडे वेचायला लागली.

बाकी सगळं क्षेम. कलमांना यंदा मोहोर उशिरा धरला. टाके सुकलेत, चिरा उचलायला तीन महिने मनाई आहे, त्यामुळे गड्यांवर नुसता ओरडतो, त्यांना योगासनं करू देत नाही. वहिनींना, सूनबाईंना, मुलांना आमचे आशीर्वाद नमस्कार ज्याचे त्याला. चूकभूल पोटात घाल, तुझ्या पोटात जागा असेल तर.

तुझा धाकटा,
बाळा

ता. क. मागायचं होतं ते हे. तू ये आणि आईला तुझ्या तोंडाने सांग. मी सांगून उपयोग नाही, मी एकसष्टाव्या वर्षीही धाकटाच आहे. पडवीत तिच्याशेजारी बस आणि एवढंच सांग की ती भाजी तूही खाल्ली होतीस, दोनदा. डॉक्टरचं, आतड्याचं काही बोलू नकोस. चिंधीचं माझ्यावर सोड. तिला सांगेन की सखूला ठाऊक होतं आणि तिला बोलता आलं म्हणून मी आहे. म्हणेन, आई, तुलाही ठाऊक होतं, पण तुला कुणी बोलू दिलं नाही. यात शिवणारीचा दोष कुठे येतो.

ता. क. दुसरा. गेल्या वर्षीच्या पालखीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर अजून आहे. मी तो काल बोटांनी मोठा करून पाहिला. तुझ्या खांद्यावर दांडा आहे आणि डावा हात लेंग्याच्या खिशात आहे. बघणाऱ्याला वाटेल, किल्ली शोधतोय. पालखी नाचवताना लेंग्यात किल्ली कोण ठेवतो, दादा? तो हात मी सहा वर्षं खिशात घातलाय, मला ओळखू येतो. तुझं तिकीट कुठल्या कारणाने कन्फर्म झालं नाही ते माझ्या लक्षात आलंय. हे घराण्यात चालतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पाडव्यानंतरच्या बुधवारी अकरा वाजता तुझ्या नावाने नंबर लावून ठेवलाय. पुरुष डॉक्टर चिपळूणहून परत आलेत.

ता. क. तिसरा. मानाची काळजी करू नकोस. परवा धोंडू माझी विचारपूस करायला आला, दोन चहा झाले तरी उठेना. शेवटी सखू आत गेल्यावर हळूच विचारलं, तो पट्टा रत्नागिरीत नक्की कुठे मिळतो, एका मित्राला हवाय. मी विचारलं, मित्राची कुठली बाजू? म्हणाला, दोन्ही. त्यालाही बुधवारीच घेऊन चाललोय, एकाच गाडीत बसाल, भांडू नका. पुढच्या शिमग्याला बाप जिवंत असतानाही पोरांनी खांदा द्यायचा, असं आम्ही दोघांनी मिळून गावकीपुढे मांडायचं ठरवलंय. सखू म्हणते, नाहीतर ती मांडेल.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात आई आली, कुणाला लिहितोस म्हणाली. मी म्हटलं, दादाला. ती परसाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "त्येला कुयरी आवडायची. आजून खातो काय, इचार." म्हणून विचारतो. याचं उत्तर मात्र पत्राने नको, फोनवर दे. इकडचा स्पीकर मी लावतो.